अपुऱ्या दिवसांची मुले आणि पुऱ्या दुधाचा प्रश्न

खंडाळा तालुक्यातील कोणत्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी जाऊन उभे राहावे. शेतकऱ्याने आणलेल्या दुधाचा नमुना घेतला जातो, त्यातील 'फॅट' आणि 'एसएनएफ' यंत्रावर मोजले जाते, त्यावर भाव ठरतो आणि दूध नासू नये म्हणून ते लगोलग शीतकरणासाठी रवाना होते. याच तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ही व्यवस्था आवश्यकच आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु गाई-म्हशींच्या दुधाचा एवढा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या समाजात, सातव्या महिन्यात जन्मलेल्या माणसाच्या मुलाला कोणते दूध मिळावे आणि ते त्याला पुरते की नाही, हे मात्र बहुधा त्याच्या बापाच्या खिशावर ठरते. या विसंगतीकडे लक्ष वेधण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

गर्भाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले मूल ते अपुऱ्या दिवसांचे मूल. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली आणि त्यांतील सुमारे ३० लाख एकट्या भारतात जन्मली, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे जगातील अशा दर पाच मुलांपैकी एकाहून अधिक मूल आपले आहे. अकाली प्रसूतीचे आईच्या रक्तक्षयाशी, कोवळ्या वयातील बाळंतपणाशी आणि गरोदरपणातही न थांबणाऱ्या कष्टांशी असलेले नाते वैद्यकशास्त्राला चांगले परिचित आहे. तेव्हा हा प्रश्न निव्वळ दैवाचा नाही. तो ज्या घरांत अधिक तीव्र होतो, ती घरे कोणाची हे सांगण्याचीही गरज नाही.

आईचे दूध हेच नवजात मुलाचे सर्वश्रेष्ठ अन्न आहे, याबद्दल दुमत नाही. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला तर त्याची गरज अधिकच असते. अशा मुलाचे आतडे नाजूक असते, आणि आतड्याचा दाह होऊन ते सडण्याचा जो भयंकर विकार या मुलांना ग्रासतो, तो आईच्या दुधावरील मुलांत कमी आढळतो. परंतु येथे एक अडचण उभी राहते. पोटातील शेवटच्या तीन महिन्यांत गर्भ झपाट्याने वाढतो, आणि हाडांसाठी लागणारे बहुतांश कॅल्शियम व फॉस्फरस तो याच काळात आईकडून घेतो. हजार-बाराशे ग्रॅम वजनाचे मूल ही शिदोरी न घेताच जगात येते. त्याला दररोज वजनाच्या किलोमागे सुमारे साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिने लागतात. आईच्या दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये मात्र काही आठवड्यांनंतर प्रथिने जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास असतात, आणि एवढ्याशा पोटात दिवसाकाठी किलोमागे १६० ते १८० मिलिलिटरच्या वर दूध सहसा मावत नाही. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. आई कोठेही कमी पडलेली नसते. तिचे दूध नऊ महिने पुऱ्या झालेल्या मुलासाठी निसर्गाने घडवलेले असते.

ही तूट भरून काढण्याचा उपाय म्हणजे आईच्या काढलेल्या दुधात प्रथिने, कॅल्शियम, फॉस्फरस व जीवनसत्त्वे असलेली पूड ठरावीक प्रमाणात मिसळणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या शिफारशींत याविषयी संयमाची भूमिका घेतली आहे. ही पूड सरसकट प्रत्येक अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या मुलासाठी नाही. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दीड किलोहून कमी वजनाच्या, आईच्या अथवा दात्या मातेच्या दुधावर असलेल्या मुलांसाठी तिचा विचार करावा, असे संघटना सांगते. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावाही असेच सुचवतो की, पूड मिळालेली मुले रुग्णालयात असताना वजनाने, उंचीने व डोक्याच्या घेराने थोडी अधिक वाढतात. पुढील आयुष्यातील लाभाविषयी पुरावा मात्र अद्याप तोकडा आहे. तेव्हा ही पूड संजीवनी नाही. योग्य मुलाला, योग्य मापाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावयाचे ते एक उपयुक्त औषध आहे.

नेमक्या याच ठिकाणी सावध राहिले पाहिजे. 'आईचे दूध पुरत नाही' हे वाक्य रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडले की त्याचा अर्थ बदलतो. बाजार हेच वाक्य गेली अनेक दशके सुदृढ मुलांच्या आयांच्या कानी घालत आला आहे. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीच्या जाहिरातबाजीला लगाम घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत मांडली गेली, तेव्हा ११८ राष्ट्रांनी बाजूने मत दिले आणि विरोधात मत देणारे राष्ट्र एकच निघाले, ते अमेरिका. भारताने १९९२ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. शिशुआहाराची जाहिरात, मोफत नमुने, आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रलोभने या साऱ्यांना त्याने मनाई केली. हा कायदा ही जनआंदोलनाची कमाई आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलांची पूड ही त्या कायद्याला पाडलेले भगदाड ठरता कामा नये. चिठ्ठीवर पुडीचे नाव लिहून नातेवाइकांना औषधाच्या दुकानात पाठवले, आणि पुडी महाग म्हणून त्यांनी साध्या भुकटीचा डबा आणला, तर मुलाचे पोषण तर होत नाहीच, उलट आईचे दूधही मागे पडते.

याउलट सार्वजनिक व्यवस्था काय करू शकते, याचा धडा महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. मुंबई महानगरपालिकेच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तेथे मातांनी स्वेच्छेने दिलेले जादा दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केले जाते, आणि ज्या मुलांच्या आयांना दूध नाही त्यांना दिले जाते. ही पेढी कोणा धनिकाच्या रुग्णालयात जन्मली नाही. धारावीच्या शेजारच्या पालिका रुग्णालयात, कामकरी बायांच्या दुधावर ती उभी राहिली. केंद्र शासनाने २०१७ साली सार्वजनिक रुग्णालयांत स्तनपान व्यवस्थापन केंद्रे उभारण्याचे मार्गदर्शक नियम काढले. त्यानंतरही आईच्या दुधाचा व्यापार करू पाहणारे पुढे आलेच, आणि अखेर मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाला असा व्यापार थांबवण्याचा आदेश काढावा लागला. गरीब बाईचे दूध विकत घेऊन त्याची पूड श्रीमंतांच्या मुलांना विकावी, ही कल्पनाच किळसवाणी आहे.

आता खंडाळ्याकडे वळू. शिरवळच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या किंवा लोणंदच्या बाजूला कांद्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईला सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, की मुलाला विशेष उपचारासाठी खंबाटकी ओलांडून साताऱ्याला न्यावे लागते, नाहीतर नीरा ओलांडून पुण्याला. मूल काचपेटीत पाच-सहा आठवडे राहते. आईला मात्र काही दिवसांत घरी सोडले जाते. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती, औषधे व वाहन मोफत केले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्यात आईच्या मोफत जेवणाची तरतूद साध्या प्रसूतीला तीन दिवस आणि शस्त्रक्रियेला सात दिवस एवढीच आहे. चौथ्या दिवशी ही बाई खाणार काय, राहणार कोठे आणि दर दोन-तीन तासांनी दूध काढणार कशी? दूध काढले नाही तर ते आटते. आणि दूधच आटले तर पूड मिसळायची कशात?

म्हणून आमचे म्हणणे असे की, या प्रश्नाचा आरंभ पुडीपासून करू नये, आईच्या खाटेपासून करावा. पाच देशांत, दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह, झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मल्यापासून लगेच मुलाला आईच्या उघड्या छातीशी ठेवले, आईला अतिदक्षता कक्षातच जागा दिली, तर अशा लहानग्यांचे मृत्यू चतुर्थांशाने घटतात, असे त्यात दिसून आले. या उपचाराला परदेशी यंत्र लागत नाही. खाट, खुर्ची, जेवण आणि आईला पाहुणी न मानणारी रुग्णालयाची वृत्ती एवढेच लागते.

त्याच्याच जोडीला मजुरीचा प्रश्न येतो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील रजा २०१७ साली २६ आठवड्यांवर नेण्यात आली, आणि अकाली प्रसूतीमुळे उद्भवणाऱ्या आजारासाठी आणखी एक महिन्याच्या पगारी रजेची तरतूद त्या कायद्यात आरंभापासून होती. किती कामगार स्त्रियांना ती ठाऊक आहे? ठेकेदाराच्या हजेरीपटावरील बाईला रजा मागण्याची सोय नाही आणि शेतमजूर बाईला तर मालकच रोज नवा असतो. जिची मजुरी बुडते ती आई सहा आठवडे साताऱ्यात राहू शकत नाही, आणि हा दोष तिच्या मायेचा नाही.

शासनापुढे आम्ही पुढील मागण्या ठेवू इच्छितो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात, मूल असेपर्यंत आईला खाट व दोन वेळचे जेवण मोफत द्यावे. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात दूध काढण्याची, थंड ठेवण्याची व निर्जंतुक करण्याची सोय असलेले केंद्र पूर्ण क्षमतेने चालवावे, आणि तालुक्याहून आईचे दूध बर्फाच्या पेटीतून तेथे पोचवावे. शास्त्राने ज्या मुलांना आवश्यक ठरवली त्यांना पूड रुग्णालयाच्या औषधभांडारातूनच मिळावी, चिठ्ठीवर नव्हे. मूल घरी आल्यावर आशा सेविकांच्या भेटींत त्याचे वजन व डोक्याचा घेर नियमित नोंदला जावा, आणि या जादा कामाचा जादा मोबदला त्यांना मिळावा. दैनंदिन मजुरी बुडणाऱ्या प्रत्येक आईला या काळापुरता निर्वाहभत्ता द्यावा.

पैसा कोठून आणणार, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर आपल्या दारात आहे. बाजारातील बहुतेक पुड्यांतील प्रथिने गाईच्या दुधाचीच असतात. सहकारी दुग्धव्यवसायाची एवढी मोठी परंपरा असलेल्या राज्याला, सार्वजनिक प्रयोगशाळांच्या देखरेखीखाली, ही पूड स्वतः तयार करून ना नफा तत्त्वावर पुरवणे का अशक्य असावे? दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२१ साली महाग पुडीऐवजी स्वस्त पर्याय तपासून पाहिला आणि मुलांची वाढ त्यावरही तितपतच होते, असे दाखवले. सार्वजनिक संस्थांतील विज्ञान गरिबांचे प्रश्न विचारू लागले की उत्तरेही स्वस्त मिळू लागतात.

खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. समाजाने नको ठरवलेल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना त्यांनी एकत्र आसरा दिला. आईला हाकलून मूल वाचवता येत नाही, हे त्यांना उमगले होते. तेथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला, आणि तो पुढे डॉक्टर झाला. ज्या मातीत सावित्रीबाई जन्मल्या त्या मातीतील बाराशे ग्रॅमचे मूल आज साताऱ्याच्या काचपेटीत असेल आणि त्याची आई दवाखान्याच्या व्हरांड्यात उपाशी बसली असेल, तर नायगावच्या स्मारकाला दरवर्षी ३ जानेवारीला हार घालण्याचा अधिकार आपण कोणत्या तोंडाने सांगणार आहोत? दुधाचा हिशेब ठेवण्याची कला आपल्याला येते. तो हिशेब आता माणसाच्या मुलासाठीही ठेवण्याची वेळ आली आहे.