न बोललेल्या प्रेमाचं कौतुक कशाला?

‘सीआयडी’ मालिकेतल्या दयाचं श्रेयावर प्रेम होतं की नव्हतं, हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही मैत्रिणी विचारतील. मला तो इथेच मांडायचा आहे.

बी. पी. सिंग यांची ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. कोल्हापुरातल्या पेठांमध्येही एक अख्खी पिढी शिवाजी साटमांच्या एसीपी प्रद्युमनबरोबर वाढली. खून, प्रयोगशाळा, दयानं तोडलेलं दार, हे सगळं ठरलेलं. मुली मात्र भलतंच टिपत होत्या. दया श्रेयाकडे कसा बघतो? ती मध्येच गप्प का होते? अभिजीत आणि डॉ. तारिकाचं निदान थोडं उघड होतं, साळुंखे डॉक्टरांची चिडचिड बघून हसू तरी यायचं. दया-श्रेयाचं ओठांवर येऊन तिथेच राहायचं. चाहत्यांनी ‘अभिरिका’, ‘दरेया’ अशी जोड्यांना नावं दिली आणि पडद्यावर न घडलेल्या प्रसंगांच्या गोष्टी स्वतः लिहिल्या.

आपल्यातल्या काही जुन्या कार्यकर्त्या याला पोरकटपणा म्हणतात. मला ते मान्य नाही. जिचा मोबाईल घरात रोज तपासला जातो, तिला दुसऱ्या कुणाच्या नजरेबद्दल बोलतच स्वतःच्या इच्छेपर्यंत पोचावं लागतं. शिवाय या मुलींनी निवडलेली नायिका पाहा. ती हातात पिस्तूल घेऊन पुरुषांच्या बरोबरीनं कामाला जाते. सासूपुढे डोळे पुसत उभी राहत नाही. मुलींची निवड चुकलेली नाही.

माझं भांडण आहे ते त्या सिद्धान्ताच्या मुळाशी असलेल्या एका वाक्याशी: ‘खरं प्रेम बोलून दाखवावं लागत नाही.’

हे वाक्य रस्त्यावर मागे लागणारा मुलगाही म्हणतो. तोही पुरावे गोळा करतो. ती हसली, ती थांबली, तिनं ‘नाही’ म्हटलं नाही, म्हणजे तिच्या मनात आहे. २०१३ साली पाठलाग हा कायद्यानं गुन्हा ठरला, पण बाईच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचा हक्क पुरुषानं अजून सोडलेला नाही. कामाच्या ठिकाणीही तेच. एक बाई आणि एक पुरुष चार तास एकत्र काम करतात, म्हणजे ‘काहीतरी’ असणारच! त्या ‘काहीतरी’मुळे त्याची कॉलर ताठ होते आणि तिची बढती संशयात सापडते. १९९७ चा विशाखा निकाल आला, २०१३ चा कायदा आला, तरी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला पहिला प्रश्न हाच येतो, ‘तुमचं आधी काही होतं का?’ गंमत बघा, एरवी हीच मालिका पुराव्याशिवाय कुणाला गुन्हेगार ठरवत नाही. मग बाईच्या मनाच्या बाबतीतच नुसता अंदाज पुरेसा कसा होतो?

आणि हे मौन इतकं गोड का वाटतं, हेही विचारायला हवं. कारण बोललेलं प्रेम महाग पडतं. शाहू महाराजांनी या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. त्याच कोल्हापुरात डिसेंबर २०१५ मध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याचा मुलीच्या भावांनी घरात घुसून खून केला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती कचेरीतल्या फलकावर लागते, भावकीला आयती वर्दी मिळते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर ‘आंतरजातीय’ शब्द वगळला, ‘आंतरधर्मीय’ ठेवला. न बोललेल्या प्रेमाची नोटीस कुठे लागत नाही, म्हणून तेवढंच सगळ्यांना चालतं. घरालाही, वाहिनीलाही. दया-श्रेया बोलले असते तर लेखकांना तिची जात, तिची नोकरी, तिचं घर, सगळं दाखवावं लागलं असतं. न बोलण्यात सोय होती, तिलाच आपण हळुवारपणा म्हणतो.

म्हणून शिबिरात ‘सीआयडी’चा विषय निघाला तर मुलींना गप्प करू नका. प्रश्न तेवढा बदला. ‘त्याचं तिच्यावर प्रेम आहे का?’ यावर त्या तासभर बोलतील. त्यानंतर विचारा, तिला काय हवं होतं? ती बोलली असती तर तिच्या नोकरीचं काय झालं असतं, घरात काय झालं असतं? आणि ती ‘नाही’ म्हणाली असती तर या चाहत्यांनी ते ऐकलं असतं का?

या प्रश्नांवर मुली थोडा वेळ गप्प बसतील. त्या गप्प बसण्याचा अर्थ आपण लावायचा नाही. त्या बोलेपर्यंत थांबायचं, आणि बोलल्यावर घरात त्यांच्या बाजूनं उभं राहायचं.