चिपवर जे नाही, ते रिपोर्टात कसे येणार?

गेल्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर निर्मळचे एक कुटुंब दोन कागद घेऊन आमच्याकडे आले. मुलगा इथला, मुलगी भंडाऱ्याकडची. मुलीकडे सिकलसेलची वाहक असल्याचे कार्ड होते आणि तिच्या वडिलांनी ते पहिल्याच बैठकीत समोर ठेवले होते. (त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पुष्कळ घरांत असे कार्ड लग्न होईपर्यंत कपाटाबाहेर येत नाही.) मग मुलाने थुंकीचा नमुना पाठवून चिपवरची डीएनए तपासणी करून घेतली. रिपोर्ट आला: सिकलसेल नाही, थॅलेसेमियाचे वाहकत्व आढळले नाही. पेढे वाटून झाले होते. आम्ही एवढेच विचारले, या चिपवर नेमके काय काय तपासले? ती यादी शेवटच्या पानावर होती, बारीक अक्षरांत, इंग्रजीत.

चिपला आमचा विरोध नाही. पण ती कशी बनते हे कळल्याशिवाय तिच्या 'नाही'वर विश्वास ठेवू नये, असे आमचे मत आहे.

डीएनएचे दोन धागे एकमेकांना जुळतात. त्यातला एक छोटा तुकडा काचेवर पक्का बसवून ठेवला आणि त्यावर रुग्णाचा डीएनए सोडला, तर जुळणारा तुकडा तिथे चिकटतो आणि त्याला लावलेला रंग चमकतो. असे हजारो ठिपके एका काचपट्टीवर. एकेक ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. 1995 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला पॅट ब्राउन यांच्या प्रयोगशाळेत बारीक टोकाच्या सुयांनी असे ठिपके छापले गेले. दुसऱ्या पद्धतीत प्रकाश पाडून डीएनए चिपवरच अक्षर-अक्षर वाढवतात. शाईच्या प्रिंटरसारखे थेंब उडवण्याचीही पद्धत आहे.

खरी मेहनत मात्र छपाईच्या आधीची असते. आपल्या आयाबाया अंगण सारवल्याशिवाय रांगोळी काढत नसत, इथेही तेच. कोऱ्या काचेवर डीएनए टिकत नाही, धुताना निघून जातो. म्हणून काच आधी अल्कलीने स्वच्छ धुतात आणि तिच्यावर पॉलिलायसिन किंवा सिलेनचा थर देतात. पॉलिलायसिनचा भार धन, डीएनएचा ऋण, म्हणून तो धरला जातो. अल्डिहाइड किंवा इपॉक्सी लावलेल्या काचेवर तर डीएनएच्या टोकाशी रासायनिक बंधच जुळतो. छापताना हवेतला ओलावा सांभाळावा लागतो, नाहीतर थेंब कडेने वाळून चहाच्या कपाच्या डागासारखे कडे उमटते. शेवटी उरलेली मोकळी जागा बुजवतात, कारण ती तशीच राहिली तर रुग्णाचा डीएनए वाटेल तिथे चिकटतो आणि सगळी काच चमकू लागते. यातली एक पायरी चुकली की यंत्र खोटे बोलते. चांगल्या कंपन्या हे सांभाळतात, हे मान्य.

पण सारवण कितीही उत्तम असो, जो ठिपका काढलाच नाही तो दिसणार कसा?

सिकलसेलचा दोष जगभर एकच आहे: बीटा ग्लोबिन जनुकाच्या सहाव्या जागी एका अक्षराची अदलाबदल. त्याचा ठिपका नागपूरलाही चालतो आणि आफ्रिकेतही. बीटा थॅलेसेमियाचे तसे नाही. त्याचे दोष शेकडो आहेत आणि प्रदेशागणिक बदलतात. इटली-ग्रीसकडे जे दोष जास्त आढळतात, ते आपल्याकडे क्वचित. आपल्याकडे सर्वांत जास्त आढळतो तो 'आयव्हीएस 1-5' हा दोष, आणि त्याच्यासह पाचेक दोषांत भारतातले बहुतेक वाहक येतात. त्यांतला एक तर 619 अक्षरांचा तुकडाच गळून पडलेला असतो. एका अक्षराचा बदल शोधणाऱ्या ठिपक्याला तो सापडेलच असे नाही. आमच्या मुलाच्या रिपोर्टातली यादी भूमध्य समुद्राकाठची होती. आयव्हीएस 1-5 तिच्यात नव्हता.

हे काम आपल्या माणसांसाठी आपल्याच मुंबईत झालेले आहे, आणि तेही महागड्या यंत्राशिवाय. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत (एनआयआयएच) भारतीय दोषांचे ठिपके नायलॉनच्या पट्टीवर बसवून तपासणी केली गेली. पट्टीचा पृष्ठभाग आधी रसायनाने जागा करायचा, त्यावर डीएनएचे तुकडे बांधायचे, मग रुग्णाचा डीएनए सोडायचा. जुळला तिथे रंग उमटतो. ठिपके थोडेच, पण कोणाचे काढायचे हे इथल्या रुग्णांकडे पाहून ठरवलेले.

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. 1950 च्या दशकातच नागपूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच्या महार समाजात सिकलसेल नोंदवला होता. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची ठरली होती, आणि तीसुद्धा साध्या रक्त तपासणीने. पहिली पायरी तीच असावी. सीबीसी आणि एचपीएलसी आधी, डीएनए नंतर.

जाता जाता: याच चिपवर 'तुमचे मूळ कुठले' सांगणारी तपासणीही विकली जाते आणि आपली काही मुले हौसेने करतात. एके काळी नाकाची मापे घेऊन माणसांचे वंश ठरवत. बाबासाहेबांनी 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तीच मापे तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात हे दाखवले होते. आता मोजपट्टी काचेची झाली म्हणून त्या प्रश्नाला पुन्हा पैसे मोजायचे, हे आम्हाला पटत नाही.

तर तो मुलगा. आमच्या आग्रहाने त्याने सरकारी रुग्णालयात एचपीएलसी केली. हिमोग्लोबिन ए2 पाच टक्क्यांच्या वर निघाले; साधारण माणसात ते साडेतीनच्या आत असते. म्हणजे तो थॅलेसेमियाचा वाहक. मुलगी सिकलसेलची. प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकल-थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक.

एका काकांनी लगेच लग्न मोडायची भाषा केली. आम्ही त्यांना बसवून सांगितले की दोघेही वाहक आहेत, आजारी नाहीत, आणि निर्णय या दोघांचा आहे. मुलीने विचारले, "बाळाचे आधी कळते का?" कळते. दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन, पण त्याआधी दोघांचेही दोष नेमके माहीत असावे लागतात. पुढच्या सोमवारी सकाळच्या लोकलने ते नालासोपाऱ्याहून परळला जाणार आहेत. काकाही बरोबर जातो म्हणतात.