पेटीवर नाव कुणाचं, निर्णय कुणाचा?

गेल्या रमजानमध्ये आमच्या भागातल्या एका ट्रस्टच्या बैठकीला मी बसलो होतो. मी मेंबर नाही. ट्रस्टच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, म्हणून जमाखर्च वाचायला बोलावलं होतं. लिल्लाहच्या खात्यात बऱ्यापैकी रक्कम शिल्लक होती आणि ती कुठे लावायची यावर विचार सुरू होता. जकातीची रक्कम गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते, तिच्यातून मशीन घेता येत नाही, हे सर्वांना माहीत होतं. लिल्लाहची मात्र घेता येते. सदरसाहेबांनी प्रस्ताव मांडला की जवळच्या रुग्णालयाला दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी काचेची पेटी द्यावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर तासभर चर्चा झाली ती पेटीवरच्या पाटीची. मरहूम संस्थापकांचं नाव वर घ्यायचं की ज्यांनी सर्वांत जास्त दिले त्यांचं?

मी विचारलं, “त्या वॉर्डात रात्री किती नर्स असतात? आधीच्या पेट्या किती आहेत, त्यातल्या चालू किती?” सदरसाहेब हसून म्हणाले, “इंजिनिअरसाहेब, मशीन आपण देऊ, चालवायचं ते बघतील.”

ही माणसं वाईट नाहीत, हे आधी सांगून टाकतो. टाळेबंदीत यांनीच घरोघरी रेशन पोहोचवलं. पण त्या अकरा जणांत नवजात बाळाच्या वॉर्डात एक रात्र काढलेलं कुणी नव्हतं. स्त्री तर एकही नव्हती. बाळ आणि आई यांच्यासाठीचा निर्णय, आणि तो घेणाऱ्यांत आई झालेलं कुणीच नाही.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला मुदतपूर्व म्हणतात. २०२० मध्ये जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली आणि त्यांतली साधारण ३० लाख एकट्या भारतात. इतकी कोणत्याही दुसऱ्या देशात नाहीत. या बाळांना ऊब टिकवता येत नाही, नीट चोखता येत नाही, जंतुसंसर्ग पटकन होतो, फुप्फुसं कच्ची असतात. पेटी यातल्या एकाच गोष्टीचं उत्तर आहे, उबेचं. आणि त्या बाबतीतही गेल्या काही वर्षांत वैद्यकशास्त्राचा सल्ला बदलला आहे.

बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायची ‘कांगारू’ पद्धत १९७०च्या दशकाअखेर कोलंबियातल्या बोगोटा शहरात पुढे आली. तिथे पेट्याच पुरेशा नव्हत्या. मग बरीच वर्षं असं मानलं गेलं की बाळ आधी पेटीत स्थिर होऊ द्यावं आणि नंतर आईजवळ द्यावं. २०२१ मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तर २८ दिवसांत १२ टक्के बाळं दगावली. नेहमीच्या पद्धतीत हेच प्रमाण १५.७ टक्के होतं. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला त्याप्रमाणे बदलला.

आता हे करायचं, तर आई वॉर्डात हवी. बाहेरच्या बाकावर नाही, बाळाच्या शेजारी, चोवीस तास. तिला पाठ टेकायला खाट हवी, आडोसा हवा, जेवण हवं, आणि घरी मोठ्या मुलांना बघणारं कुणी हवं. म्हणजे त्या रुग्णालयाला कदाचित पेटीपेक्षा दहा खाटा आणि आयांच्या जेवणाचा वर्षभराचा खर्च जास्त उपयोगी पडला असता. कदाचित पेटीच हवी असेल, खूप लहान आणि अत्यवस्थ बाळांना यंत्रं लागतातच. पण हे विचारल्याशिवाय कळणार कसं? आणि विचारायला काय विचारायचं हे ठाऊक असलेलं माणूस बैठकीत असावं लागतं.

मुंबईत असं एक उदाहरण आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात शिशू विभाग सांभाळत होत्या. धारावीला लागून असलेलं पालिकेचं रुग्णालय, बाळं भरपूर, नर्स मोजक्या. त्यांनी बाटली आणि डब्याचं दूध विभागातून हद्दपार केलं आणि आयांनाच बाळांच्या देखभालीत सामील करून घेतलं. १९८९ मध्ये तिथे मानवी दुधाची पेढी सुरू झाली, आशियातली पहिली. पुढे त्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. १९९९ मध्ये त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था उभी केली, कारण वॉर्डात येणारं बाळ वस्तीतच अर्धं हरलेलं असतं हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. स्नेहाने पालिकेची प्रसूतिगृहं आणि मोठी रुग्णालयं यांच्यात दुवा जोडण्याचं काम केलं, जेणेकरून अडलेल्या बाईला आणि अत्यवस्थ बाळाला दारोदार फिरावं लागू नये. बाळापासून सुरू झालेली ही संस्था पुढे घरगुती हिंसाचाराच्या कामातही उतरली. वस्तीत बसणाऱ्याला दिसतंच की मार खाणाऱ्या गरोदर बाईचं बाळ फक्त औषधाने वाचत नाही.

मला मात्र या संस्थेची एक वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. नेपाळमध्ये मकवानपूर जिल्ह्यात गावोगावी बायकांचे गट बांधले, त्यांनी एकत्र बसून गरोदरपण आणि बाळंतपणातल्या अडचणींवर उपाय शोधले, आणि नवजात मृत्यू लक्षणीय कमी झाले. २००४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी भागातही तसंच यश आलं. स्नेहाने तो प्रयोग लंडनच्या संशोधकांबरोबर मुंबईच्या ४८ वस्त्यांत केला. २४ वस्त्यांत गट, २४ वस्त्यांत नाहीत. काही वर्षं मेहनत झाली, आणि आकडे आले ते निराश करणारे. गटांच्या वस्त्यांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. २०१२ मध्ये त्यांनी हे अपयश, सर्व आकड्यांसह, कुणालाही फुकट वाचता येईल अशा वैद्यकीय नियतकालिकात छापलं.

आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की दुसऱ्या दिवशी एक टिपण लिहावं लागतं. काय झालं, कधी कळलं, काय चुकलं. कुणावर खापर फोडायचं नाही, पण लपवायचंही नाही. ज्या कंपनीत हे टिपण लिहायला लोक घाबरतात, तिथला सर्व्हर महिन्याभरात पुन्हा त्याच कारणाने कोसळतो. आपल्या ट्रस्टांचे वार्षिक अहवाल काढून बघा. किती रुपये वाटले, किती शिलाई मशीन दिली, कोण पाहुणे आले, सगळं असतं. “अमुक उपक्रम फसला, कारण असं” हे वाक्य मला आजवर एकाही अहवालात सापडलेलं नाही. नवजात बाळाच्या बाबतीत फसलेला उपक्रम लपवणं म्हणजे पुढच्या वर्षी तीच चूक दुसऱ्या बाळावर करणं.

दुसरा मुद्दा खास आपल्या समाजाचा आहे, आणि त्यावर आपण मोकळेपणाने बोलत नाही. दूध पेढी. मुदतपूर्व बाळाच्या आईला पहिले काही दिवस पुरेसं दूध येत नाही. अशा वेळी दुसऱ्या आईचं, तपासलेलं आणि निर्जंतुक केलेलं दूध हे डब्याच्या दुधापेक्षा बरं, कारण डब्याच्या दुधाने या बाळांच्या आतड्याला जीवघेणी इजा होण्याचा धोका वाढतो. पण आपल्याकडे दुधाचं नातं असतं. सूरह निसामध्ये ज्यांच्याशी निकाह हराम आहे त्या नात्यांत दूधमाता आणि दूधबहिणी येतात. पेढीत बहुधा अनेक आयांचं दूध एकत्र केलं जातं. मग बाळाची दूधमाता कोण?

आलिमांत यावर एकमत नाही. युसुफ अल-करजावी यांनी १९८३ मध्ये दूध पेढीला परवानगी देणारं मत दिलं. १९८५ मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने विरोधात ठराव केला. कराचीत २०२४ मध्ये शरियतच्या अटी पाळणारी पेढी म्हणून एक पेढी जाहीर झाली. आधी दारुल उलूम कराचीचा अनुकूल फतवा होता. काही महिन्यांत तो बदलला, त्या अटी प्रत्यक्षात पाळणं फार अवघड आहे असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि पेढीचं काम थांबवण्यात आलं.

मी आलिम नाही, फतवा देणार नाही. पण ज्या धर्मात दाई हलीमा यांचं नाव आजही घराघरात आदराने घेतलं जातं, त्या धर्माला दुसऱ्या आईचं दूध परकं नाही. अडचण आहे ती नोंदीची. बाटलीवर दात्या आईचा क्रमांक, एका बाटलीत एकाच आईचं दूध, दोन्ही कुटुंबांना एकमेकांची माहिती देणारी कायमची नोंद. यात मला, एक इंजिनिअर म्हणून, अशक्य काही दिसत नाही. खर्च आणि मेहनत दिसते. आणि ज्यांना हे दूध घ्यायचंच नाही, त्यांच्या आईला पहिल्या तासापासून स्वतःचं दूध काढायला शिकवणारी, धीर देणारी बाई हवी.

आज होतं काय? रात्री दोन वाजता सही मागायला फॉर्म येतो. नर्सला रजाअत म्हणजे काय ते माहीत नसतं. नवरा कुणाला तरी फोन करतो, पलीकडचा माणूस झोपेतच “नको” म्हणतो. टाके पडलेली आई काहीच बोलत नाही. मुंबईत दूध पेढी येऊन पस्तीस वर्षं उलटून गेली. या काळात आपल्या एखाद्या ट्रस्टने एक डॉक्टर, एक नर्स, एक आलिम आणि एक आलिमा एकत्र बसवून, पेढीच्या लोकांना बोलावून, कुटुंबांच्या हातात देता येईल असं चार पानी टिपण तयार केलं असतं, तर ती रात्र वेगळी गेली असती. हे काम पैशाचं नाही. बैठकीत कोण बसतं याचं आहे.

आई-वडिलांना मार्गदर्शक मंडळात जागा देण्याची कल्पना नवीन नाही. म्युनिकमध्ये २००८ साली युरोपातल्या नवजात बाळांसाठी एक फाउंडेशन सुरू झालं, ते सिल्के मादर या आईच्या पुढाकाराने. तिची जुळी फार लवकर जन्मली होती आणि त्यातलं एक बाळ गेलं. त्या संस्थेत पालक आणि डॉक्टर बरोबरीने बसतात. दर वर्षी १७ नोव्हेंबरला मुदतपूर्व बाळांचा जो दिवस जगभर पाळला जातो, तो अशा पालकांच्या संघटनांनीच रुजवला.

आपल्याकडे स्त्रीला विश्वस्त करण्यात कायद्याची आडकाठी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. नेमणूक ट्रस्टच्या घटनेप्रमाणे करायची आणि बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा. घटनेतच अडचण असेल, तर सल्लागार समितीला तेवढीही कटकट नाही. आडवी येते ती सवय. “आमच्याकडे बायका बैठकीला येत नाहीत” असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो. बैठक इशाच्या नमाजनंतर रात्री साडेनऊला कुणी ठेवली?

माहितगार माणूस ट्रस्टचे किती पैसे वाचवतं, तेही बघा. तुमच्या मोबाईलवर दर आठवड्याला नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो आणि खाते क्रमांक येत असेल. आपण पाचशे-हजार पाठवतो आणि पुढे ढकलतो. पण सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तशी तरतूद आहे. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचे विशेष कक्ष आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. त्या मिळवायला कागदपत्रं लागतात, आणि समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलापाशी न घाबरता उभं राहणारं माणूस लागतं. ट्रस्टने असं एक माणूस पगारावर ठेवलं, तर वर्षभरात किती बिलं टळतील? हा हिशेब मी त्या बैठकीत मांडला. खजिनदारांनी लिहून घेतला. सदरसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

ईदनंतर मात्र त्यांचाच फोन आला. पाटीचा वाद न मिटल्यामुळे पेटीची खरेदी लांबली होती (कधी कधी वादही कामाला येतात). आमच्या मोहल्ल्यात पालिकेच्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहतात. शेजारच्या गल्लीत एक तरुण आई आहे, तिची मुलगी ३१ व्या आठवड्यात जन्मली होती, आता बालवाडीत जाते. दोघींना पुढच्या बैठकीला बोलवायचं ठरलं. रविवारी, जोहरनंतर. सिस्टरनी निरोप पाठवला, “येते, पण आधी मला त्या वॉर्डात एक रात्र बसू द्या.” तेवढ्यासाठी बैठक आठवडाभर पुढे गेली आहे.

तुमच्या जमातीच्या किंवा मोहल्ल्याच्या ट्रस्टवर किती स्त्रिया आहेत, आणि आरोग्यावरचा खर्च कुणाला विचारून ठरतो, ते विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. उत्तर मिळालं नाही, तर तेही लिहा.