बीबीए करा, पण बाजाराची जात ओळखून करा



बारावीचा निकाल लागला की विहारातल्या आमच्या अभ्यासिकेत पोरं विचारतात, "दादा, बीबीए करू का?" आमचं उत्तर आहे, करा. पण ही पदवी कशी बांधली आहे आणि कशी शिकवली जाते, हे समजून करा.

२०२४-२५ पासून बीबीए एआयसीटीईच्या कक्षेत आलं आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी सुरू झाली. पहिल्याच वर्षी जागा लाखाहून जास्त आणि परीक्षा देणारे निम्म्याहूनही कमी, म्हणून दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. शहरातल्या पोरांना क्लासवाल्यांनी सांगितलं. मेहकर, लोणार, सिंदखेडराजाच्या खेड्यातल्या पोरांना कोण सांगणार? काही महाविद्यालयांनी तर अभ्यासक्रमाचं नाव बदलून सीईटीच टाळली. इथे सावध राहा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती हातची जाते. सही करण्याआधी प्रवेश कोणत्या फेरीतून होतोय ते विचारा.

आता रचना पाहू. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स. याला लवचिकता म्हणतात. आम्ही विचारतो, पहिल्या वर्षीच बाहेर कोण पडणार? ज्याच्या बापाचा पेट्रोलपंप आहे तो, की जिची आई सोयाबीन सोंगायला रोजंदारीने जाते ती? बाहेर पडायचं दार सगळ्यांना सारखंच उघडं दिसतं, पण ढकलला जातो तो गरीबच. पूर्वी याला गळती म्हणायचे, आता तिला प्रमाणपत्र मिळतं एवढाच फरक.

शिकवण्याचं काय? आमच्या ओळखीच्या एका मुलाने मार्केटिंगच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानातून आणून पाठ केल्या. इंटर्नशिपचं प्रमाणपत्रही असंच ओळखीतून आणलं, एक दिवसही कामावर न जाता. उदाहरणं सगळी परदेशी कंपन्यांची. आपल्याच जिल्ह्यात खामगावची कापूस आणि चांदीची बाजारपेठ आहे. १९८६ साली सुरू झालेली बुलढाणा अर्बन पतसंस्था गोदामातल्या शेतमालावर कर्ज देते. यापेक्षा चांगला धडा कोणता? पण अडत कोणाची, गोदाम कोणाचं आणि हमाली कोणाची, हा प्रश्न वर्गात आला की जातीचा प्रश्न येतो. म्हणून तो येतच नाही.

बाबासाहेबांनी हे स्वतः सोसलं. परदेशातून शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर व्यवहारांचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटलं. पुढे १९१८ ते १९२० ते सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनाच, अर्थशास्त्र शिकवत होते. तिथेही पाण्याच्या माठावरून आक्षेप आलाच. सल्ला उत्तम होता, माल उत्तम होता, तरी बाजाराने नाकारलं. व्यवस्थापनाच्या पुस्तकात या नुकसानीचा रकाना आहे का?

कोणी म्हणेल, मग धंद्याच्या शिक्षणात पडूच नये. हे आम्हाला मान्य नाही. आरक्षणाच्या नोकऱ्या कंत्राटीकरणाने आटत असताना हिशोब, कर, कर्ज आणि कायदा आपल्या पोरांना आलाच पाहिजे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के खरेदी ठरवली आहे. २०१६ ची स्टँडअप इंडिया योजना १० लाख ते १ कोटीच्या कर्जाची होती. या गोष्टी आपल्या पदवीधराला परीक्षेसाठी नाही, बँकेच्या टेबलावर बोलण्यासाठी माहीत हव्यात.

म्हणून तीन कामं करू. प्रत्येक अभ्यासिकेत सीईटी आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देऊ. फील्ड प्रोजेक्टला गावच्या बाजार समितीचा, बचत गटाचा विषय मागू. आणि पहिल्या वर्षानंतर एकही पोरगी, एकही पोरगा पैशावाचून बाहेर पडला तर ती आपली हार समजू.

'शिका' हा आदेश एका वर्षाच्या प्रमाणपत्रापुरता नव्हता.

जयभीम! जय संविधान!