विमान शिकवता की तास विकता?

नागपूरच्या धंतोलीत ऑपरेशन करून घ्यायचे तर माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो. सर्जन कोण, भूल कोण देणार, आजवर किती केसेस केल्या? एवढ्यानेही समाधान होत नाही. रामदासपेठेत जाऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतो. हाच माणूस मुलाला वैमानिक करायला निघाला की एकच प्रश्न विचारतो: उड्डाणाचे दोनशे तास किती महिन्यांत भरतील? लाखोंचे कर्ज काढणाऱ्या बापाने शिकवणाऱ्याचे नावही विचारू नये, याची आम्हाला चीड येते.

खासगी परवान्याला ४० तास, व्यावसायिक परवान्याला २००. कायद्याने ही किमान मर्यादा घातली; बाजाराने तिचाच माल केला. उड्डाण न करता लॉगबुकात नुसते लिहून टाकलेल्या तासांना या व्यवसायात 'पार्कर पेनचे तास' म्हणतात. असे नाव रूढ व्हावे, यातच सगळे आले. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक सापडले, तेव्हा देश चार दिवस हळहळला आणि विसरला.

पेनाने लिहिलेला तास वेळेवर कामी येत नाही. उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण घ्या. विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेले की नवखा पोरगा घाबरतो, रडर दाबतो, पंख आणखी कलवतो, नाक खाली जाऊ नये म्हणून स्टिक ओढतो. सरळ उड्डाणात ५० नॉटला स्टॉल होणारे, म्हणजे पंखांची उचल गमावणारे विमान ६० अंश कलवून उंची धरू पाहिली तर ७० नॉटलाच स्टॉल होते आणि दाबलेल्या रडरमुळे गिरकीत जाते. खाली उरलेले असतात जेमतेम पाचशे फूट. गिरकीतून सावरायला ते पुरत नाहीत. तिथे शहाणपण एकच: गो-अराउंड. पंख सरळ, पूर्ण पॉवर, पुन्हा फेरी. आणि गो-अराउंड घेतला म्हणून खिल्ली उडवणारा प्रशिक्षक असेल, तर त्याला आधी घरी बसवा!

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की समुद्रसपाटीपासून हजार फुटांवरच्या सोनेगाव विमानतळावर विमानाला हवा पाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ लागते. धावपट्टी जास्त खाते, चढाई मंदावते. अशात उड्डाण होताच इंजिन बसले, तर नाक खाली करून समोरचे शेत गाठायचे. मागे धावपट्टीकडे वळायचा मोह जीव घेतो. हे विदर्भातल्या किती विद्यार्थ्यांकडून घोटून घेतले जाते?

मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसीहून निघालेले प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळले. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन विमाने चार दिवसांत पडली, तेव्हा कुठे विमान वाहतुकीचा नियामक असलेल्या डीजीसीएने तिचे प्रशिक्षण थांबवले. पहिले पडले तेव्हा हा नियामक काय झोपला होता?

आणि सरकार? १९४९ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपालविमाने मध्यरात्री ज्या नागपुरात एकत्र येत, त्याच नागपुरातला सरकारी फ्लाइंग क्लब वर्षानुवर्षे जमिनीवर बसून राहिला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेले. सरकारने स्वतःचे घर असे ओस टाकले, म्हणूनच तासांच्या दुकानांना गिऱ्हाईक मिळाले.

आता अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाची संस्था, ३४ विमाने, वर्षाला १८० वैमानिक असे जाहीर झाले आहे. आकड्यांचे ढोल पुरेत. 'आज हवा बरी नाही, मी उडणार नाही' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचा एक पैसाही कापणार नाही, हे प्रत्येक संस्थेच्या प्रवेश करारात छापा. अपघातांचे चौकशी अहवाल वर्गात वाचून दाखवा. न उडालेल्या तासावर सही करणाऱ्याचा परवाना कायमचा काढून घ्या. हे लेखी मिळेपर्यंत पालकांनी फीचा पहिला हप्ता रोखून धरावा.