नानीच्या घरून परतताना

मे महिन्याची सुट्टी चिपळूणला नानीकडे घालवून परतताना दिव्याला उतरलो. हातात फणसाची पिशवी, खांद्यावर झोपलेली धाकटी. थोरला विचारतो, “अब्बा, घर आलं?” घर नालासोपाऱ्यात! अजून दोन गाड्या बदलायच्या होत्या.

दिवा-वसई रेल्वेमार्ग आहे, पण त्यावर लोकल नाहीत, प्रवासी गाड्या मोजक्याच. ऑगस्ट 2024 पासून वांद्रे-मडगाव गाडी वसईमार्गे धावते, तीही आठवड्यातून दोनदाच. वसई-विरारमध्ये कोकणातली किती कुटुंबं राहतात! ईदला आम्ही गावी जातो, गणपतीला शेजारी जातात. लेकरं दोघांचीही फलाटावरच पेंगतात. मग रोजच्या गाडीची मागणी वेगवेगळी कशाला? मशिदीची जमात आणि गणेशोत्सव मंडळ, दोघांनी एकाच अर्जावर सह्या कराव्यात.