भोंगा वाजला की निघणारी माणसे



जयंतीच्या दिवशी आमच्या वस्तीत पहाटेपासून गडबड असते हे तुम्हाला सांगायला नको. यंदा मिरवणुकीच्या वाटेवर, चौकाच्या कोपऱ्याला अग्निशमन दलाचा बंब उभा होता. जवानांच्या छातीवर छोटे कागदी झेंडे टाचलेले. शेजारचा सातवीतला मुलगा आमच्या हाताला धरून चालत होता. त्याने विचारले, "काका, आज यांचीपण जयंती आहे का?"

जयंती नव्हे, स्मृतिदिन. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात दारूगोळाही होता. आग विझवता विझवता जहाज फुटले. त्यात मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या आठवणीसाठी सारा देश 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो. बाबासाहेबांना त्या दिवशी 53 वर्षे पूर्ण झाली होती आणि ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आपण निळा झेंडा घेऊन निघतो त्याच दिवशी बंबवाले आपल्या मेलेल्या सोबत्यांना सलामी देतात. आमच्या घरांत ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून आधी ती लिहिली.

पोराचे समाधान झाले नाही. त्याचा पुढचा प्रश्न असा, "त्यांना पगार होता. पगार नसता तर गेले असते का?"

या प्रश्नावर आम्ही त्याला अमेरिकेची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती आणि लाल चकचकीत बंब येतात. तो प्रकार मोठ्या शहरांतला. खेड्यापाड्यांत तसे नाही. 2020 सालच्या मोजणीप्रमाणे त्या देशात आग विझवणारे सुमारे 10 लाख 41 हजार लोक होते. त्यांतले 6 लाख 77 हजारांच्या घरात स्वयंसेवक, म्हणजे शंभरातले पासष्ट. यांतले जवळपास निम्मे अडीच हजारांहून कमी वस्तीच्या गावांना सांभाळणाऱ्या दलांतले. कुणी शेतकरी, कुणी गॅरेजवाला, कुणी शाळेतला शिपाई, कुणी दुकानात काट्यावर बसणारी बाई. पूर्वी गावातला भोंगा वाजायचा, मग कमरेचा पेजर आला, आता खिशातला फोनही वाजतो. वाजला की हातातले काम टाकायचे, ठाण्यावर धावायचे, जाड कोट आणि शिरस्त्राण चढवायचे आणि बंबावर उडी मारायची. जेवणाचे ताट तसेच राहते.

खेड्यात रस्त्याच्या कडेला नळाचे खांब नसतात, म्हणून टँकरमधून पाणी न्यावे लागते. आगीजवळ घडीची कापडी टाकी उघडून तिच्यात ते ओततात आणि पंपाने खेचतात. टँकर रिकामा झाला की तळ्याकडे पळतो, भरून परत येतो. आठवड्यातली एखादी संध्याकाळ सरावाची. आणि पैसा? थोडा सरकारी मिळतो, बाकीचा गावानेच उभा करायचा. मग जेवणावळी घालायच्या, सोडतीची तिकिटे विकायची. आपल्या विहाराच्या बांधकामासाठी आपण पावती पुस्तक घेऊन घरोघर फिरतो, त्यातलाच प्रकार. त्या जेवणावळीचा स्वयंपाक कोण करते, हे बायकांना वेगळे सांगायला नको.

हा रिवाज जुना आहे. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यांची युनियन फायर कंपनी काढली. सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान बाहेर काढायच्या पिशव्या स्वतःच्या खर्चाने ठेवायच्या, असा नियम होता.

इथे आम्हाला थोडे थांबावे लागते. शेजारी एकत्र आले, असे म्हटले की आपल्या माणसाच्या मनात लगेच येते, कोणकोणते शेजारी? बरोबरच आहे. त्याच फिलाडेल्फियात 1818 साली काळ्या माणसांनी आपले स्वतःचे अग्निशमन मंडळ काढले. आफ्रिकन फायर असोसिएशन असे त्याचे नाव. गोऱ्यांच्या कंपन्यांनी इतका विरोध केला की ते मोडावे लागले. म्हणजे घर जळाले तरी चालेल, पण त्यांच्या हातचे पाणी नको! पाण्याची ही गोष्ट महाडच्या लेकरांना कुणी समजावून सांगायला नको.

आणि तेच वर्ष न्यूयॉर्कचे. मॉली विल्यम्स नावाची एक काळी स्त्री, एका व्यापाऱ्याची गुलाम. तो व्यापारी ओशनस नावाच्या 11 नंबरच्या स्वयंसेवक कंपनीचा सभासद होता. 1818 च्या हिवाळ्यात मोठे हिमवादळ आले, त्यात पुरुष मंडळी आजाराने अंथरुणाला खिळलेली. आगीची वर्दी आली तेव्हा मॉली पदर खोचून पुढे झाली (पदर आमचा, तिचा अंगरखा होता) आणि तिने बंबाचा दोर धरून तो बर्फातून ओढला. अमेरिकेतली पहिली ज्ञात स्त्री अग्निशामक म्हणून आज तिचेच नाव घेतात. जिला स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, ती दुसऱ्यांची घरे वाचवायला धावली. आमच्या घरच्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "घरे तिच्या मालकांचीच असतील." आम्ही गप्प बसलो.

आता मुख्य गोष्ट. टेक्सास राज्यात वेको शहराच्या उत्तरेला वेस्ट नावाचे एक गाव आहे. वेस्ट म्हणजे पश्चिम नव्हे, पहिल्या पोस्टमास्तरचे आडनाव वेस्ट होते त्यावरून ते पडले. वस्ती सुमारे 2,800. चेक देशातून आलेल्या लोकांची वंशावळ बरीच, त्यामुळे कोलाचे नावाच्या गोड पावासाठी प्रसिद्ध. या गावाच्या कडेला 1962 पासून खताचे आणि बियाण्याचे गोदाम होते. आसपासचे शेतकरी तिथून खत नेत. पुढे गाव वाढत वाढत गोदामाच्या अंगणापर्यंत आले. दोनशे मीटरच्या आगेमागे वृद्धांचे शुश्रूषागृह, भाड्याच्या खोल्यांची इमारत, शाळा. असे का होऊ दिले, हे गिरणीच्या किंवा रसायनाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांनी विचारायचे कारण नाही. जागा जिथे परवडते तिथे माणूस राहतो.

17 एप्रिल 2013, बुधवार. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गोदामातून धूर दिसला. वर्दी गेली. त्याच वेळी गावात रुग्णसेवेच्या प्रशिक्षणाचा वर्ग चालू होता. त्या वर्गातली मंडळीही वह्या मिटून आगीकडे निघाली. गावचे स्वयंसेवक आले, शेजारच्या गावांच्या दलांतली माणसे आली. त्यांच्या मनात भीती होती ती अमोनिया वायूच्या टाक्यांची. खरा धोका आतल्या लाकडी कप्प्यांत होता. अमोनियम नायट्रेट, आपल्या भाषेत पांढरे दाणेदार खत. हे खत नीट ठेवले तर शांत असते. पण ते आगीत तापले, त्यात दुसरे काही मिसळले आणि ते कोंडलेले असले, तर ते बॉम्ब होते. शिवाय इमारत लाकडाची, कप्पे लाकडाचे, शेजारी बियाणे.

पहिल्या वर्दीनंतर जेमतेम वीस-बावीस मिनिटांनी, 7 वाजून 51 मिनिटांनी सुमारे 30 टन खत एकदम फुटले. भूकंप मोजणाऱ्या यंत्रांवर 2.1 ची नोंद झाली. जमिनीत नव्वद फुटांहून रुंद खड्डा पडला. शेजारी रेल्वेच्या रुळावर आणखी 100 टनांचा डबा होता, तो उलटला पण फुटला नाही. दीडशेहून अधिक इमारती मोडल्या, तीन शाळांचे नुकसान झाले. संध्याकाळची वेळ होती म्हणून शाळा रिकाम्या होत्या. बुधवारी सकाळी अकराला हे झाले असते तर काय, हा विचार आम्ही लिहिता लिहिता दोनदा केला आणि सोडून दिला.

पंधरा माणसे गेली. तीन सामान्य नागरिक. बाकीचे बारा जण आगीकडे धावलेले. त्यांत वेस्ट गावाच्या स्वयंसेवक दलाचे पाच, आजूबाजूच्या गावांचे काही, रजेवर घरी असलेला डल्लासच्या दलाचा एक कॅप्टन, आणि गणवेश नसताना मदतीला गेलेले दोघे. एवढ्याशा गावच्या दलातले पाच! कोणी शेजारी, कोणी शाळासोबती, कोणी मेहुणा. ज्यांचा माणूस गेला त्यांनीच रात्रभर म्हाताऱ्यांना चाकांच्या खुर्च्यांवरून बाहेर काढले आणि शाळेच्या फुटबॉल मैदानावर जखमी गोळा केले.

25 एप्रिलला वेको येथे शोकसभा झाली, राष्ट्राध्यक्ष ओबामा आले. शवपेट्या, बिगुल, घडी केलेले झेंडे. मरणाचा मान मिळाला. अमेरिकेत 1976 पासून कायदा आहे, कर्तव्यावर मेलेल्या जवानाच्या घरच्यांना केंद्र सरकार मदत देते आणि त्यात बिनपगारी स्वयंसेवकही येतो. ही गोष्ट चांगलीच आहे.

पण जगताना त्यांना काय दिले होते? पुढे चौकशी झाली. रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाने 2016 च्या जानेवारीत अहवाल दिला. या माणसांना त्या खताच्या स्फोटाविषयी पुरेसे शिकवलेच नव्हते. गोदामाला आग लागली तर काय करायचे, किती दूर राहायचे, याचा आराखडा आधी बसून केलेला नव्हता. टेक्सासात स्वयंसेवकाला किमान अमुक इतके प्रशिक्षण हवेच, अशी सक्ती नव्हती. कामगारांच्या सुरक्षिततेचे सरकारी निरीक्षक त्या गोदामात शेवटचे आले होते 1985 साली. तेव्हा दंड केला होता तीस डॉलर. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे कोणी फिरकले नाही. आदल्या वर्षी मालकाने राज्याच्या खात्याला 270 टन नायट्रेट असल्याचे कळवले होते, पण ज्या केंद्रीय खात्याला कळवायचे त्याला कळवले नव्हते. कागद एका कपाटात होता, आग दुसरीकडे होती. आणि गोदामाचा विमा किती? दहा लाख डॉलर. आकडा मोठा वाटतो, पण मोडलेल्या गावापुढे तो काहीच नव्हे.

आग कशी लागली यावर एकमत नाही. 2016 च्या मे महिन्यात केंद्रीय तपास खात्याने ती लावली गेली असे म्हटले, चौकशी मंडळाने विजेच्या बिघाडाची शक्यताही ठेवली होती. आम्हाला विचाराल तर ठिणगी कुठली हा एक प्रश्न, आणि ठिणगीशेजारी लाकडी कप्प्यात ते खत का होते, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर द्यायला तपास खाते लागत नाही. 2015 साली टेक्सासने कायदा केला, हे खत जळाऊ वस्तूंपासून तीस फूट लांब ठेवावे आणि अग्निशमन अधिकाऱ्याला तपासणीचा अधिकार असावा. तीस डॉलरपासून तीस फुटांपर्यंत यायला पंधरा माणसे लागली.

बरे, हे खत फुटते हे टेक्सासला नवीन होते का? मुळीच नाही. त्याच राज्यात टेक्सास सिटी बंदरात 16 एप्रिल 1947 रोजी हेच नायट्रेट भरलेले 'ग्रँडकॅम्प' जहाज पेटले. तिथलेही दल स्वयंसेवकांचेच. ते जहाजाला पाणी मारीत उभे होते आणि काठावर बघे जमले होते. जहाज फुटले, किमान 581 माणसे मेली. गावच्या दलातला एक जण तेवढा वाचला, बाकी सारे गेले. पासष्ट-सहासष्ट वर्षांनी वेस्टच्या मुलांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी होती.

आता एक चिंतेची बाब. 1984 साली अमेरिकेत असे स्वयंसेवक 8 लाख 97 हजार होते. 2020 पर्यंत ते सव्वादोन लाखांनी घटले. वर्दी मात्र वाढतच आहे. तरुण कामासाठी दुसऱ्या शहरांत जातात, दोन-दोन नोकऱ्या करतात, घरी फक्त झोपायला येतात. भोंगा वाजतो तेव्हा गावात असते कोण? समता सैनिक दलाच्या आमच्या वस्तीतल्या शाखेचे म्हातारे कार्यकर्ते हेच वाक्य दर बैठकीत बोलतात. मुले वाईट नाहीत हो, मुले बाराबारा तासांच्या पाळीत आहेत.

मिरवणूक पुढे गेली तसे आम्ही त्या मुलाला वेस्टची ही सारी हकिगत थोडक्यात सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे पगार नव्हता तरी गेले." मग थोडे चालून म्हणाला, "पण आत काय आहे ते त्यांना सांगायला पाहिजे होते." बंबाजवळून जाताना त्याने एका जवानाला जयभीम केला. त्यानेही हात उचलून जयभीम केला.

आमच्या वाचकांत गोदामात, गॅस एजन्सीत, रंगाच्या नि रसायनाच्या कारखान्यात हमाली करणारे पुष्कळ आहेत. अग्निशमन दलात नोकरीला असलेलेही काही आहेत हे आम्हाला पत्रांवरून ठाऊक आहे. तुमच्या कामाच्या जागी दारावर आत काय साठवले आहे याची पाटी आहे का, ती कोणत्या भाषेत आहे, आणि गेल्या वर्षात तपासायला कोणी आले होते का, एवढे पोस्टकार्डावर कळवा. नाव छापू नका म्हणालात तर छापणार नाही. पत्ता नेहमीचाच.